बेळगावात ग्रामोफोन दुरुस्त करून घेतला, त्याचा अनुभव (पाचपैकी चार)

आधीच सांगतो, दुकानाला पाटी नाही. खडेबाजारातनं आत बोळात शिरायचं आणि कुणालाही "घड्याळवाले मामा कुठं" म्हणून विचारायचं. ग्रामोफोनवाले कुठं असं विचारलासा तर कुणी सांगणार नाही, मी अर्धा तास तसाच फिरलो. चारचाकी घेऊन तर अजिबात जाऊ नका, लांब कुठंतरी लावून मशीन काखेत मारून चालत यायचं, मी पहिल्या दिवशी दोन मशिनी घेऊन रिक्षाने गेलो आणि रिक्षावाल्याने बोळाच्या तोंडाशीच सोडलं.

दोन मशिनी का, ते सांगतो.

एक मी स्वतः विकत घेतलेलं. दोन वर्षांपूर्वी सुट्टीत बाहेरगावी गेलो होतो तिथल्या एका अँटिकच्या दुकानात दिसलं, नाव घेत नाही. हा एवढा मोठा पितळी कर्णा, खाली आठ कोनी लाकडी पेटी, पेटीवर ते कुत्र्याचं चित्र. दुकानदार म्हणाला शंभर वर्ष जुनं आहे साहेब, राजवाड्यातनं आलंय. साडेनऊ हजार मोजले. हॉलमध्ये ठेवल्यावर येणारा-जाणारा फोटो काढायचा, खरं वाजायला लावलं की आवाज पाण्यात बोलल्यासारखा आणि पिन तबकडीच्या मध्याकडे जाता जाता घसरायची.

दुसरं आजोबांचं. आजोबा निपाणीला तंबाखूच्या वखारीत दिवाणजी होते. त्यांनी घेतलेली एक काळी पेटी, सुटकेससारखी, कोपऱ्यांना निकेलच्या पट्ट्या, हँडल. कर्णा नाही, काही नाही. घरात सगळे तिला "फोनो" म्हणायचे. माळ्यावर पडून होती, काकू म्हणाली होती भंगारवाल्याला दे. मी ती नेली ती अशीच, की एवढं जातोच आहे तर हीपण दाखवू.

मामांनी कर्णेवाल्याकडे बघितलंच नाही हो. आधी आजोबांची पेटी पुढं ओढली, झाकण उघडलं, आत नाक घातलं आणि म्हणाले, "हे कुणाचं?" मी म्हटलं आजोबांचं. "मग ते दुसरं कशाला आणलासा?"

तिथंच मला कळायला पाहिजे होतं.

आजोबांची पेटी म्हणजे एच एम व्ही चं, त्याच कुत्र्याच्या चित्रवाल्या कंपनीचं, १०२ नंबरचं पोर्टेबल निघालं. हे मॉडेल १९३१ पासून निघालं, आपल्याकडे लग्नघरात, हॉटेलात, गणपतीत हीच पेटी फिरायची. मी विचारलं ह्याला कर्णा नाही मग आवाज कुठनं येतो. मामांनी बोट घातलं, फिरत्या चकतीच्या मागं एक तोंड आहे, तिथनं. कर्णा आहेच, पत्र्याचा, खरं तो पेटीच्या आत घडी घातल्यासारखा वळवून बसवलाय, आवाज मागच्या तोंडातनं वर येतो आणि उघड्या झाकणावर आपटून समोर बसलेल्याकडे जातो. म्हणून झाकण पूर्ण उघडं ठेवून वाजवायचं. आमच्या घरी धूळ जाऊ नये म्हणून अर्धं मिटून वाजवायचे आणि वर म्हणायचे फोनोचा आवाज बसला.

मग मामांनी कर्णेवालं घेतलं आणि खालचे चार स्क्रू काढून पेटी उलटी केली. आत मोटर होती ती आजोबांच्या पेटीतल्या मोटरीची सख्खी बहीण. म्हणजे काय, तर कुणाची तरी अशीच काळी पेटी मोडली, तिच्यातली मोटर आणि साउंडबॉक्स (पिन अडकवायची गोल डबी) काढला, नवीन लाकडाचा खोका केला, पातळ पितळेचा कर्णा ठोकला, कुत्र्याचं स्टिकर चिकटवलं आणि माझ्यासारख्याच्या गळ्यात मारलं. मामा म्हणाले, "साडेनऊ? पितळ वजन करून घेतला असतासा तर परवडलं असतं की ओ." असला माल देशभर विकला जातो आणि परदेशातही जातो म्हणे, गोऱ्या संग्राहकांनी त्याला एक वाईट नावपण ठेवलंय, ते इथं लिहीत नाही.

नकली ओळखायचं कसं ते त्यांनी दाखवलं, तुमच्या उपयोगी पडेल. कर्णा भडक पिवळा, लग्नातल्या बँडच्या वाद्यासारखा चकचकीत. कर्ण्यापासून साउंडबॉक्सपर्यंतची नळी म्हणजे टोनआर्म, ती नुसती नळाच्या पाइपासारखी वळवलेली आणि तिची लांबी आणि जागा अंदाजाने. त्यामुळे पिन तबकडीवरच्या बारीक घळीत सरळ बसत नाही, तिरकी घासते, माझी पिन मध्याकडे घसरायची ती ह्याच्यामुळं. आणि कुत्र्याचं चित्र जिथं मावेल तिथं.

त्या कुत्र्याची गंमत मी घरी येऊन वाचली. फ्रान्सिस बॅरॉ नावाच्या चित्रकाराने मूळ चित्रात कुत्र्यासमोर एडिसनच्या पद्धतीचा नळकांडीवाला फोनोग्राफ काढला होता, १८९९ मध्ये ग्रामोफोन कंपनीने चित्र घ्यायचं कबूल केलं ते ह्या अटीवर की ते मशीन खोडून त्या जागी आमचं काढ. म्हणजे कुत्रा तोच, समोरचं मशीन बदललं. माझ्या नकली पेटीवर कुत्रा काय ऐकत होता देव जाणे.

आता नावाचं भांडण. मी तिथं सारखा "फोनो" म्हणत होतो आणि मामा दर वेळी "ग्रामोफोन" म्हणून दुरुस्त करत होते, मोटर नंतर, आधी मला. मला वाटलं म्हातारा उगाच हट्टी आहे, खरं वाचल्यावर दोघांचं थोडं थोडं बरोबर निघालं. एडिसनने १८७७ ला जे केलं ते फोनोग्राफ, पितळी नळकांड्यावर कथलाचा पातळ वर्ख गुंडाळायचा, हाताने दांडा फिरवायचा, समोर तोंड लावून बोलायचं, पडद्याला जोडलेली सुई वर्खावर खाली-वर खड्डे पाडत जाते, परत फिरवलं की तेच खड्डे सुईला हलवतात आणि पडदा बोलतो. वर्ख चार-दोन वेळा वाजवला की संपला. मग टेलिफोनवाल्या बेलच्या प्रयोगशाळेतल्या लोकांनी वर्खाऐवजी मेण आणलं आणि नाव उलटंपालटं करून ग्राफोफोन ठेवलं, त्याचं पेटंट १८८६ चं. पुढच्याच वर्षी एमिल बर्लिनरने नळकांडं सोडून चपटी चकती घेतली, सुई खाली-वर न जाता डावी-उजवीकडे नागमोडी जाईल अशी केली, आणि त्याचं नाव ग्रामोफोन. चकतीचा मोठा फायदा असा की एक साचा केला की शिक्के मारल्यासारख्या पाहिजे तेवढ्या तबकड्या काढा. सुरुवातीच्या नळकांड्यांचं तसं नव्हतं, गवयाने तेच तेच परत परत गायचं, समोर कर्ण्यांची रांग लावून. विचार करा एका बैठकीत तीच चीज वीस वेळा!

अमेरिकेत पुढं तबकडीच्या मशीनलाही फोनोग्राफच म्हणत राहिले, इंग्लंडात ग्रामोफोन, आणि आपल्याकडे इंग्लंडचा माल आला म्हणून ग्रामोफोन. १९०६ ला अमेरिकेतल्या व्हिक्टर कंपनीने कर्णा कपाटात लपवला, कारण घरातल्या बायकांना तो मोठा भोंगा दिवाणखान्यात नको होता आणि त्यावर धूळ बसायची, त्या कपाटाचं नाव व्हिक्ट्रोला. हे वाचून मला आमची ही आठवली, तिनेपण पहिल्या दिवशी तेच सांगितलं होतं, "हे धुळीचं घर कुठं ठेवणार?" तर आमचे आजोबा अमेरिकेच्या बाजूचे आणि मामा इंग्लंडच्या, असं मी मामांना सांगितलं. ते म्हणाले, "असू दे, चावी कुठाय?"

चावी म्हणजे हँडल. ती मी विसरलो होतो. परत घरी, परत रिक्षा.

मोटर उघडताना मला बसू दिलं ही ह्या दुकानाची सगळ्यात चांगली गोष्ट. कुठलाही मेकॅनिक हल्ली बसू देतो का? मोटर म्हणजे वीज नाही बरं का, स्प्रिंग आहे, इंचभर रुंदीची पोलादी पट्टी, डब्यात गुंडाळून बसवलेली. चावी भरली की ती आवळते आणि सुटता सुटता चकती फिरवते. ती डब्यातनं काढताना मामांनी मला दोन पावलं मागं उभं केलं आणि स्वतः चामड्याचे हातमोजे घातले, कारण निसटली तर बोट जातं. आतलं ग्रीस वाळून काहिलीच्या बुडाला लागलेल्या खरवडीसारखं झालेलं. म्हणूनच वाजताना मधनं मधनं धप्प धप्प आवाज यायचा, स्प्रिंगचे वेढे एकमेकांना चिकटून एकदम सुटायचे. रॉकेलमध्ये धुतली, ग्राफाइट घातलेलं ग्रीस चोपडलं. स्प्रिंग धड होती, बदलावी लागली नाही, आणि मला माहीत नसताना त्यांनी बदलली असं सांगून पैसे लावले असते तर मला काय कळणार होतं, तसं केलं नाही हे लिहून ठेवतो.

खरी करामत गव्हर्नरची. राज्यपाल नव्हे. एका बारीक दांड्यावर तीन पातळ पट्ट्या आणि प्रत्येक पट्टीच्या मध्याला शिशाचा एक गोळा, हरभऱ्याएवढा. मोटर जोरात पळायला लागली की गोळे बाहेरच्या बाजूला ताणले जातात, त्यामुळे टोकाची चकती सरकून चामड्याच्या तुकड्यावर घासते आणि वेग आपोआप आवरला जातो. वेग कमी झाला की गोळे मिटतात, ब्रेक सुटतो. स्प्रिंग भरलेली असताना आणि उतरत आलेली असताना गाणं एकाच सुरात राहतं ते ह्या तीन गोळ्यांमुळं. आमच्यातलं चामडं दगड झालं होतं. मामांनी खणातनं एक जुनी अथणीची चप्पल काढली, पट्टा कापला, नखाएवढा तुकडा तासला, तेलात बुडवून ठेवला आणि तोच बसवला. सांगितलं ह्याच्यासारखं चामडं नाही, पंधरा वर्ष हेच वापरतोय. त्या खणात एक पायाची चपला चार-पाच होत्या, दुसऱ्या पायाच्या कुठं गेल्या विचारलं नाही.

साउंडबॉक्स म्हणजे ती गोल डबी, पिन जिच्यात अडकवतात. सगळा आवाज तिथं तयार होतो. आत पातळ पडदा, जुन्या मशिनीत अभ्रकाचा असायचा, १०२ मध्ये ॲल्युमिनियमचा. तबकडीच्या घळीने पिन हलते, पिनेला जोडलेली तरफ पडदा हलवते, बस्स. कर्णा आवाज वाढवतो असं मी समजत होतो, मामांनी कर्णा काढून नुसता साउंडबॉक्स वाजवून दाखवला, डास गुणगुणल्यासारखं येतं, खरं शब्द न् शब्द कळतो. पडदा एवढासा, तो हवेला किती ढकलणार, कर्णा लावला की अरुंद तोंडाकडनं रुंद तोंडाकडे हवा हळूहळू पकडीत येते आणि खोली भरते. म्हणजे कर्णा कितीही मोठा असू दे, डबीतलं रबर कडक झालं असलं तर आवाज फाटलेलाच येणार. पडद्याच्या कडेची रबरं आमची चुरा झाली होती. मामा सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब वापरतात. हसू नका, चालते.

पिनेच्या बाबतीत मात्र मामांनी मला झापलं. मी एकच पिन महिनाभर वापरत होतो. नियम असा की एका बाजूला एक पिन, बाजू संपली की फेकायची. मला वाटायचं हे पिना विकणाऱ्यांचं कारस्थान आहे. खरं कारण तबकडीत आहे. ७८ ची तबकडी, म्हणजे मिनिटाला ७८ फेरे घेणारी, ती प्लास्टिकची नाही, ती लाखेची, झाडावरची लाख, आपल्याच देशातनं जायची, आणि तिच्यात दगडाची बारीक पूड मिसळलेली असते. ती पूड मुद्दाम, म्हणजे पोलादी पिन पहिल्या काही फेऱ्यांत झिजून घळीच्या आकाराची होते आणि नीट बसते. तीन मिनिटांनी तीच पिन पटाशीसारखी धारदार झालेली असते, तिनेच दुसरी बाजू लावली की घळ तासत जाते. मामांनी भिंगाखाली माझी महिन्याची पिन दाखवली, लाज वाटली. आणि एल पी ची काळी मोठी तबकडी ह्याच्यावर चुकूनसुद्धा ठेवायची नाही, एकदा वाजवली की संपली. आजोबा पिना संपल्या की बाभळीचा काटा कापून लावायचे असं वडील सांगायचे, आम्ही हसायचो. मामा म्हणाले शहाणे होते तुमचे आजोबा, विलायतेत निवडुंगाचे काटे आणि बांबूच्या पिना डबीत घालून विकायचे, तबकडी झिजत नाही, आवाज तेवढा मऊ येतो.

वेग लावायची पद्धत बघायला तरी एकदा जा. दुकानात सगळीकडे एल ई डी, एका कोपऱ्यात मात्र चोकवाली जुनी ट्यूबलाइट जपून ठेवलेली. तबकडीवर एक कागदी चकती ठेवतात, कडेला काळ्या रेषा, ७७. आपली वीज ५० सायकलची, ट्यूब सेकंदाला १०० वेळा उघडझाप करते, चकती मिनिटाला ७८ च्या जवळ फिरली की त्या रेषा जागच्या जागी उभ्या दिसतात. पुढं सरकल्या तर वेग जास्त, मागं सरकल्या तर कमी. एल ई डी खाली बहुतेक हा खेळ होत नाही म्हणून ती ट्यूब. मी फिरणाऱ्या चकतीवर थांबलेल्या रेषा बघत बसलो, मागं एक बाई मनगटी घड्याळाचा सेल टाकायला ताटकळत होती.

झाकणाच्या आतल्या कप्प्यात काही तबकड्या होत्या, आमच्यापैकी कुणी कधी बघितल्या नव्हत्या. एकीच्या लेबलवर गायिकेचं नाव गांधारी. लावली तर पातळ, उंच, मुलीसारखा आवाज. मी म्हटलं ही कोण? मामा माझ्याकडे बघत राहिले, धारवाड-हुबळीच्या इतक्या जवळ राहून हे विचारतोस असं तोंड. गंगूबाई हनगल! १९३० च्या दशकात त्यांच्या सुरुवातीच्या तबकड्या त्या नावाने निघाल्या, पुढं घशाचा त्रास झाला, उपचार झाले आणि नंतर तो भारदस्त आवाज आला जो आपण ओळखतो. मला पटायला दुसऱ्यांदा ऐकावं लागलं, पिन बदलून. त्या वेळी ह्या भागात गाणं पोचायचं ते असंच, बेळगावजवळच्या सुळेभावीचं एक पोरगं तबकड्या ऐकून मोठमोठ्या गवयांची हुबेहूब नक्कल करायचं, पुढं तेच कुमार गंधर्व.

अजून एक ऐकवलं, गौहर जान ह्या जुन्या गायिकेची तबकडी, मामांची स्वतःची, हात लावू दिला नाही. गाणं संपता संपता बाई इंग्रजीत स्वतःचं नाव सांगते. १९०२ ला कलकत्त्यात ग्रामोफोन कंपनीच्या फ्रेड गायसबर्गने ध्वनिमुद्रण केलं तेव्हा तबकड्या छापायला जर्मनीत हॅनोव्हरला जायच्या, तिथल्या माणसाला कसं कळणार कोण गातंय, म्हणून शेवटी नाव बोलायचं. कलकत्त्याला कारखाना १९०८ मध्ये आला.

आता तक्रारी, कारण चार स्टार का दिले ते सांगायला पाहिजे. पंधरा दिवस म्हणाले, सात आठवडे लागले. फोन उचलत नाहीत, उचलला तर "आज नको, पाऊस येवालाय" असं काहीतरी. पावसाचा आणि साउंडबॉक्सचा संबंध मी अजून शोधतोय. पेटीच्या कोपऱ्यात वापरलेल्या पिना टाकायची बारीक वाटी असते, तिचं झाकण दुकानात हरवलं, विचारलं तर आधीच नव्हतं म्हणाले, होतं हो, माझ्याकडे फोटो आहे. फोटो दाखवल्यावर "बघतो" म्हणाले, दोन महिने झाले बघालेत. रोख घेतात, बिल नाही. आणि दुपारी एक ते साडेचार बंद, कुठलीही घाई चालत नाही.

हिशेब: मोटर साफ करून, चामडं घालून, वेग लावून २,६००. साउंडबॉक्स ९००. पिनांची २०० ची डबी ३५०. झाले ३,८५०. पोस्टाने लांब कुठं पाठवलं असतं तर ह्याच्यापेक्षा जास्त गेले असते आणि मला गव्हर्नर काय ते कळलंच नसतं.

कर्णेवाल्याचं विचारलं तर मामा म्हणाले दुरुस्त करण्यासारखं त्यात काही नाही, मोटर मात्र चांगली आहे, द्यायची का? चिकोडीकडच्या कुणाची तरी अशीच काळी पेटी तीन वर्ष त्यांच्याकडे पडून होती, आतली मोटर गंजून गेलेली. मी म्हटलं घ्या. १,५०० वजा केले, मी २,३५० दिले. मागच्या आठवड्यात वाटीचं झाकण विचारायला गेलो तेव्हा ती चिकोडीची पेटी काउंटरवर उघडी होती, ट्यूबलाइटखाली रेषा उभ्या राहिलेल्या. झाकण अजून मिळालेलं नाही. कर्णा मी परत आणलाय, पितळ आहे, किलोला काय भाव चाललाय कुणाला माहीत असेल तर सांगा.